कांदेनवमी आणि नाशिकचा उन्हाळ कांदा

आषाढ शुद्ध नवमी. महाराष्ट्रातील व्रतस्थ घरांत या दिवशी कांद्याला निरोप दिला जातो. कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, पीठ पेरून केलेली भाजी, दह्यातले भरीत असे कांद्याचे जेवढे प्रकार घरच्या गृहिणीला येतात, तेवढे त्या दिवशी पानात वाढले जातात. दोन दिवसांनी देवशयनी एकादशी येते, चातुर्मास लागतो आणि कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण व वांगे वर्ज्य होते. निरोप दशमीला का नाही? एकादशीचे व्रत करणाऱ्याने दशमीला एकभुक्त राहावे असा संकेत आहे. म्हणून मेजवानीचा दिवस नवमीचा.

नेमक्या याच दिवसांत नाशिक जिल्ह्यात वेगळेच चित्र असते. निफाड, चांदवड, येवला, देवळा, कळवण, सटाणा या भागांत चैत्र-वैशाखात साठवलेला कांदा चाळीबाहेर निघू लागलेला असतो. रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात लासलगावची बाजारपेठ. एका बाजूला चार महिने कांद्याला शिवायचे नाही असे स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला तेच चार महिने कांदा टिकवून जगणारा शेतकरी. या दोघांचा इतिहास एकत्र वाचला, तरच कांदेनवमीच्या पानाचा अर्थ लागतो. #थ्रेड

प्रारंभ निषेधापासून. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गृंजन, पलांडू आणि कवक, म्हणजे भूछत्रे, द्विजांना अभक्ष्य ठरवली आहेत. पलांडू म्हणजेच कांदा. जाणूनबुजून खाणारा पतित होतो आणि नकळत खाणाऱ्यास प्रायश्चित्त आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. हा निषेध सर्वांना नाही, द्विजांना आहे. आणि तो चार महिन्यांचा नाही, बारमाही आहे.

निषेध केवळ ग्रंथात राहिला नव्हता. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी यात्रेकरू फाहियान मध्यदेशाविषयी लिहितो, की चांडाळांखेरीज तेथे कोणी कांदा-लसूण खात नाही. सातव्या शतकात ह्युएन त्सांगनेही नोंदवले, की कांदा-लसूण थोडा पिकतो, खाणारे मोजके आणि जो खाईल त्याला गावकुसाबाहेर जावे लागते. हाच ह्युएन त्सांग दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. त्याने पाहिलेली राजधानी नाशिकच असावी, असे मत फ्लीट यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले होते.

वैद्यांची दृष्टी मात्र निराळी होती. चरकसंहितेत पलांडू जड, बलवर्धक, वातनाशक आणि अन्नात योजण्यास योग्य असा वर्णिला आहे. अमरकोशाने तर त्याला ‘सुकंदक’, म्हणजे चांगला कंद, असा पर्याय दिला. धर्मशास्त्राने ज्याला पंक्तीतून उठवले, त्याला कोशकाराने ‘सु’ हे उपपद लावावे, यात पुष्कळ काही आले. मराठीतला ‘कांदा’ हा शब्दही या कंदाच्याच कुळातला.

मराठी संतपरंपरेत अरणच्या सावता माळ्यांनी (समाधी १२९५) आपल्या मळ्यातल्या कांद्या-मुळ्यातच विठ्ठल पाहिला. माळ्याच्या कष्टाचे पीक थेट देवाच्या जागी नेऊन ठेवणे ही तेराव्या शतकात साधी गोष्ट नव्हती. शेतात राबणाऱ्याच्या फडक्यात भाकरीबरोबर कांदा असे. बुक्कीने फोडायचा, मीठ-तिखट लावायचे आणि खायचा. त्याच्या घरी त्याचा निरोपही नव्हता आणि स्वागतही नव्हते.

मग बारमाही निषेध चार महिन्यांवर कसा आला? याचा एखादा शासननिर्णय सापडणार नाही. पण कांदेनवमीच त्या तडजोडीचा पुरावा आहे. आठ महिने खायचा, चार महिने टाकायचा आणि टाकण्यापूर्वी मनसोक्त खाऊन घ्यायचा, ही रीत कांदा स्वयंपाकघरात पुरता रुजल्याशिवाय निर्माण होत नाही. ज्याची ओढच नाही, त्याला निरोप कोण देतो?

या तडजोडीचा लाभ घरातील सर्वांना मिळाला नाही, हेही नोंदवले पाहिजे. ब्राह्मण घरांतील विधवांना कांदा-लसूण आयुष्यभर निषिद्ध होता. कांदेनवमीची भजी तळणाऱ्या हातांना ती चाखण्याची मुभा नसे, अशी घरे विसाव्या शतकातही होती.

पावसाळ्यात पचनशक्ती मंदावते म्हणून पूर्वजांनी कांदा वर्ज्य केला, असे स्पष्टीकरण आज सर्रास दिले जाते. ते सोयीचे आहे, पण मूळ निषेध ऋतूचा नसल्यामुळे ते पुरेसे नाही. कोठाराकडे पाहिले तर अधिक काही हाती लागते. आषाढ ते कार्तिक हेच महिने असे, की ज्यांत जुना कांदा दमट हवेने सडतो, कोंब धरतो, आणि खरिपाचा नवा कांदा अजून आलेला नसतो. टिकाऊ साठवण नसलेल्या काळात भाद्रपदातला कांदा मुळातच दुर्मीळ असणार. जे मिळणे अवघड, ते सोडणे सोपे, असे म्हणण्यास येथे जागा आहे.

ही अडचण ज्याने मोडून काढली तो नाशिकचा उन्हाळ कांदा. जिल्ह्यात कांद्याची तीन पिके निघतात. पावसाळ्यात लावलेला पोळ कांदा दिवाळीच्या सुमारास येतो, त्यामागून रांगडा येतो. हे दोन्ही लाल, रसाळ आणि अल्पायुषी. महिनाभरात खपले नाहीत तर वाया जातात. तिसरा उन्हाळ कांदा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप टाकायचे, डिसेंबर-जानेवारीत लागण, मार्च ते मे काढणी. रंगाने फिकट तांबूस, मान बारीक, वर कोरड्या पापुद्र्यांचे अनेक पदर आणि आत पाणी कमी. ही बारीक मान हेच त्याचे खरे भांडवल आहे. कारण सड बहुधा मानेतून शिरते.

मात्र या पिकाला हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाणी लागते. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर बंधारे घालून सामूहिकरीत्या पाणी वाटून घेण्याची फड पद्धत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दारणा आणि नांदूर मध्यमेश्वर येथील बांधकामांनी गोदावरीचे कालवे वाहते केले. विहिरी तर होत्याच. पाण्याला बाजाराची जोड रेल्वेने दिली. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि लासलगाव, निफाड ही स्थानके थेट मुंबईशी जोडली गेली. पुढे १९४७ साली लासलगावची कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली. निफाड तालुक्यातच निवड पद्धतीने सिद्ध झालेला ‘एन-२-४-१’ हा वाण उन्हाळ कांद्याचा आधार ठरला. लासलगावच्या कांद्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

काढणीचे तंत्र पाहिले तर हे पीक किती नाजूक आहे, ते समजते. पात माना टाकू लागली की पाणी तोडतात. उपटलेला कांदा तीन-चार दिवस शेतातच सुकवतात, तोही अशा रीतीने की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जावेत. ऊन पातीला लागावे, कांद्याला नव्हे. मग इंच-दीड इंच मान राखून पात कापायची आणि कांदा काही दिवस सावलीत ठेवायचा. जोड कांदा, डेंगळ्याचा कांदा आणि बारीक गोल्टी वेगळी काढायची. उरलेला निवडक माल चाळीत जातो.

चाळ म्हणजे हवेचे शास्त्र. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, बाजू बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या, वर कौले, पत्रे किंवा पाचट. रुंदी बेताची, थर चार-पाच फुटांहून उंच नाही, म्हणजे मधला कांदा घामेजत नाही. इतके सांभाळूनही ऑक्टोबरपर्यंत वजनातली घट, सड आणि कोंब मिळून चौथा ते तिसरा हिस्सा हातचा जातो. सडलेल्या मालाला शेतकरी ‘खाद’ म्हणतात. पावसाळ्यात चाळीतून खाद वेचून काढण्याचे काम बहुतांशी बायकांचे असते.

आता स्वयंपाकघराकडे. काढणीच्या हंगामात शेतावरचे जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, ठेचा, ताक आणि नुकताच उपटलेला कांदा. घरी वैशाखात कैरी येते आणि कांदा-कैरीची जोडी जमते. किसलेली कैरी, किसलेला कांदा, त्यात गूळ, मीठ, लाल तिखट आणि वर हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. कैरी जितकी आंबट तितका गूळ चढता. शिजवणे नाही, पाणी नाही. दुपारच्या उन्हात भाकरीबरोबर याच्याइतकी तरतरी देणारे तोंडीलावणे क्वचितच सापडेल. उन्हात निघालेल्याच्या खिशात कांदा ठेवण्याची रीतही याच महिन्यांतली. खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही, यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. मात्र पोटात गेलेल्या कांदा-कैरीतून पाणी आणि मीठ मिळते, ही गोष्ट खरी.

याच ऊन्हात वर्षाचे मसालेही होतात. कांदा आणि सुके खोबरे विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजून वाटायचे, हा नाशिक-खानदेशच्या रश्श्याचा पाया आहे. शेवभाजी असो की मिसळीचा रस्सा, त्याची खमंग खोली या भाजलेल्या कांद्यातून येते. मांसाहारी रश्श्याचे हे वाटण जसेच्या तसे शाकाहारी स्वयंपाकाने उचलले आणि आपलेसे केले.

कांदेनवमीच्या पदार्थांनाही उन्हाळ कांदाच मानवतो. पीठ पेरून भाजी करताना जाडसर चिरलेला कांदा तेलात, हिंग-मोहरी-हळदीच्या फोडणीवर परतायचा, मीठ घालायचे आणि त्यावर बेसन भुरभुरवून झाकण ठेवायचे. पाण्याचा थेंब नको. कांद्याच्या वाफेवरच पीठ शिजते. खेकडा भज्यांचे रहस्यही तेच. उभ्या चिरलेल्या कांद्याला मीठ चोळून दहा मिनिटे ठेवायचे, सुटलेल्या रसात मावेल एवढेच बेसन आणि वर चमचाभर कडकडीत तेल. पोळ कांदा इतके पाणी सोडतो की भजी मऊ पडतात. उन्हाळ कांद्याची भजी कुरकुरीत राहतात. थालीपीठाचेही तसेच, भाजणीत कांदा भरपूर घालूनही ते तव्यावर फाटत नाही.

छापील पाककृतींचा मराठीतील प्रवास १८७५ च्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’पासून १९१० च्या लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणीमित्र’पर्यंत आणि पुढे १९७० च्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत येतो. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर नेले आणि जातीजातींच्या चुलींवरचे पदार्थ एकमेकींच्या स्वयंपाकघरात जाऊ लागले. या शतकभरात कांद्याची प्रतिष्ठा किती वाढली, याचा दाखला पुस्तकापेक्षा भाषेत सापडतो. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमालाच मराठीत ‘कांदेपोहे’ असे नाव पडले. जो पदार्थ खाल्ल्याने पंक्तीतून उठावे लागे, तोच सोयरीक जुळवताना पुढे केला जाऊ लागला.

मात्र कांद्याला मिळालेला मान तो पिकवणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये ऊस आणि कांद्याच्या भावासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवली. खेरवाडी येथे गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. ते त्याने मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवून दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले, डिसेंबरात निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. शहरात भाव चढला की सरकार तातडीने हलते. भाव कोसळल्यावर तशी घाई क्वचितच दिसते.

साठवणीवर उपाय शोधण्याचे प्रयत्न झाले. २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला विकिरण केंद्र उभारले. कांद्याला कोंब फुटू नयेत, हा त्याचा एक मुख्य हेतू होता. २००७ मध्ये याच केंद्रातून प्रक्रिया होऊन हापूस आंबा अमेरिकेला गेला आणि केंद्राचे नाव झाले ते आंब्यामुळे. कांद्याचा सर्वसाधारण शेतकरी आजही चाळीवरच विसंबून आहे.

त्यामुळे कांदेनवमीची रात्र सरली की हिशेब चाळीत सुरू होतो. श्रावणात व्रतवैकल्यांमुळे घरोघरची मागणी मंदावते, बाहेर पाऊस असतो आणि चाळीतला माल रोज थोडा हलका होत असतो. आज मिळेल त्या भावाला विकावा की गणपती होईपर्यंत थांबावे, हे ठरवताना शेतकरी एक हात थरात खोल घालून कांदा चाचपतो. हाताला ओल लागली तर दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लासलगावला निघतो. जे थांबतात, त्यांना दिवाळीची वाट पाहावी लागते. कार्तिकी एकादशीला व्रतस्थ घरांत कांदा परत येतो, तेव्हा बाजारात पोळ कांद्याचे नवे ढीग लागलेले असतात आणि चाळीच्या तळाशी उरलेल्या उन्हाळ कांद्याला हिरवे कोंब आलेले असतात.