फ्रेम, गव्हर्नर आणि दौंडचा यूपीएस

मंडळी, गेले तीन वीकेंड काहीच टंकलं नाही. हापिसात रिलीज होतं, आणि मधला एक रविवार दौंडला गेला. आजचा लेख त्या रविवारातूनच निघालाय.

तर झालं असं. माझा धाकटा मामेभाऊ दौंडला असतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून त्याने पैसे साठवले आणि पुण्यातून एक सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं, १८ हजाराला. दिवसा एडिटिंग, रात्री गेम. मे महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, गेम लावला की पीसी फट्‌कन बंद पडतो. आणि खेळताना नाही, नुसत्या मेनूवर असताना!" मी इंजिनियरच्या थाटात फोनवरच निकाल दिला, "मायनिंगचं कार्ड असणार. गेलं ते. मिळेल त्या भावाला विकून टाक." आठ दिवसांनी मामीकडून कळलं की ९ हजाराचं गिऱ्हाईक ठरलंय, रविवारी संध्याकाळी येणार. म्हणजे माझं एक वाक्य पोराला ९ हजाराला पडणार होतं!

रविवारी सकाळीच शिरूरहून बाइक काढली. न्हावरे, मग भीमा ओलांडून चौफुला, पाटस, दौंड. दोन्ही बाजूंना ऊस आणि डोक्यावर ऊन. वाटेत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. खेळताना मशीन चालतं आणि मेनूवर मरतं, असं का?

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल. म्हणजे चांगलंच मागे.

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, तेव्हा एका सेकंदात किती चित्रं जायची हे बरंचसं हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटावर असे. साधारण १६ ते २०, पण पक्का नियम नाही. चित्र थोडं भराभर पळालं तरी चालून जायचं. मग आवाज आला आणि सगळी मजा संपली. आवाजाची पट्टी फिल्मच्याच कडेला छापलेली, त्यामुळे फिल्मचा वेग हलला की गाणाऱ्याचा सूर हलणार. डोळा माफ करतो, कान करत नाही. म्हणून बोलपटासाठी सेकंदाला २४ चित्रं हा आकडा ठरला. १९३१ चा 'आलम आरा' आणि १९३२ चा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' या काळातले. गंमत बघा, वेग वाढवण्यापेक्षा तो एकसारखा ठेवणं महत्त्वाचं, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

नंतर टीव्ही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपला टीव्ही सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे २५ पूर्ण फ्रेम दाखवणारा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडे ३० फ्रेम. लहानपणी शिरूरला सिंहगडाकडे तोंड करून अँटेना फिरवायचो, तेव्हा हे गणित कुणी सांगितलं असतं तर कदाचित मी मार्क चांगले पाडले असते :-) असो.

कॉम्प्युटरवर मात्र उलटं घडलं. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्या काळचे कित्येक गेम प्रोसेसरच्या वेगालाच आपलं घड्याळ समजायचे. पुढे वेगवान मशीन आली तेव्हा त्याच गेममधली माणसं भूत लागल्यासारखी पळायला लागली. मग कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचं बटन आलं. नाव टर्बो, पण खरा उपयोग ते बंद करून मशीन हळू करण्याचा! माझ्या मते फ्रेम लिमिटरचा पणजोबा तोच.

गेम लिहिणारेही शहाणे झाले. १९९३ चा 'डूम' सेकंदाला ३५ फ्रेमवर थांबायचा, कारण तेव्हाचा पडदा ७० हर्ट्झचा आणि ३५ म्हणजे बरोब्बर निम्मे. १९९९ च्या 'क्वेक ३' मध्ये फ्रेमची मर्यादा खेळाडूला स्वतः बदलता यायची, आणि १२५ ठेवली तर उडी किंचित उंच जायची. आकडेमोडीतल्या राउंडिंगचा परिणाम. लोकांनी ती चूक कौशल्य म्हणून वापरली.

दुसरा उपाय व्ही-सिंकचा. कार्डाने पडद्याची वाट न बघता नवं चित्र पाठवलं तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो, चित्र फाटल्यासारखं. व्ही-सिंक कार्डाला सांगतो, पडद्याची फेरी पूर्ण होईपर्यंत थांब. फाटणं बंद होतं, पण माउस हलवल्यावर परिणाम उशिरा दिसतो. २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक आणलं आणि पुढच्याच वर्षी ॲडॅप्टिव्ह-सिंक हे सगळ्यांसाठीचं मानक आलं. आता पडदाच कार्डासाठी थांबतो. पण पडद्याच्या कमाल वेगाच्या आत राहिलं तरच. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेम १४१ ला किंवा त्याखाली अडवा असं जाणकार सांगतात ते म्हणून.

आणि आता आपला मेनू. २०१० मध्ये 'स्टारक्राफ्ट २' आला तेव्हा काहींची कार्डं मेनूवर भयंकर तापली. लढाईत प्रोसेसरला शेकडो सैनिकांचा हिशोब करायचा असतो, कार्ड त्याची वाट बघत अधूनमधून दम खातं. मेनूवर हिशोब काहीच नाही. मग कार्ड तेच ते चित्र सेकंदाला कित्येक शे वेळा काढत बसतं, आणि तेही पूर्ण ताकदीने. ब्लिझार्डने सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी घालायला सांगितल्या, खेळाला ६० आणि मेनूला ३० ची मर्यादा. २०२१ च्या जुलैत 'न्यू वर्ल्ड'च्या बीटामध्ये काही ३०९० कार्डं तर मेलीच. पुढे ईव्हीजीएने आपल्या मेलेल्या कार्डांत सोल्डरिंगचा दोष सापडल्याचं सांगितलं, म्हणजे सगळं पाप गेमचं नव्हतं. तरी ॲमेझॉनने मेनूला मर्यादा घातलीच.

दौंडला पोचल्यावर विजेचं मीटर प्लगला लावलं. गेमचा मेनू उघडला. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा ७४०, आणि मीटरवर ३९५ वॉट. टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस. असा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. लाइट असते तोवर भागून जातं. पण उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की यूपीएस बॅटरीवर जातो, ओव्हरलोड दिसतो आणि सगळं बंद करतो. कार्ड ठणठणीत होतं. यूपीएस आपलं काम करत होता. चुकलो होतो मी.

फ्रेम ६० वर अडवल्या. मीटर २१० वर आलं. प्लग काढून बॅटरीवर चालवून बघितलं, पीसी चालू! पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. पण दहा मिनिटांत म्हणाला, "दादा, आता अडखळतंय." बघतो तर मर्यादा तीन ठिकाणी लागलेली. गेममध्ये ६०, ड्रायव्हरमध्ये ६० आणि रिव्हाट्यूनरमध्ये ६०. तीन घड्याळं, तिघांचे ठोके किंचित वेगळे. एक सोडतो तेव्हा दुसरा अडवतो. ६० फ्रेमला प्रत्येकी १६.७ मिलिसेकंद मिळतात. आकडा ६० च दिसतो, पण एक फ्रेम १२ ला आणि पुढची २१ ला आली तर डोळ्याला धक्का बसतोच.

तेव्हा नियम असा: मर्यादा एकाच ठिकाणी लावा. गेममध्ये चांगली सोय असेल तर तिथे, कारण तिथे उशीर सगळ्यात कमी होतो. नसेल तर ड्रायव्हरमध्ये (एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय २०२० च्या जानेवारीत आली, एएमडीने २०१५ लाच दिली होती) किंवा रिव्हाट्यूनरमध्ये. काही ऑनलाइन गेमची अँटी-चीट बाहेरचं टूल चालू देत नाही, तिथे ड्रायव्हरच बरा. आणि त्याआधी विंडोजमध्ये पडदा खरंच १४४ वर आहे ना ते बघा. याचा ६० वरच राहिला होता, इतके दिवस! पडदा १४४ वर नेला, पण यूपीएसचा विचार करून मर्यादा ७२ ठेवली, बरोब्बर निम्मी. 'डूम'वाल्यांचीच युक्ती.

रिव्हाट्यूनरबद्दल दोन शब्द. हे टूल मुख्यतः अलेक्सेई निकोलायचुक या एका रशियन प्रोग्रामरचं. विंडोजचा टायमर मुळात १५.६ मिलिसेकंदांच्या ठोक्यावर चालतो, म्हणजे 'जरा झोप' म्हटलं तर नेमका कधी उठवेल याची खात्री नाही. त्यामुळे नेमकेपणा हवा असेल तर प्रोसेसरला जागं ठेवून, घड्याळाकडे बघत थांबवावं लागतं. जगभरचे लोक हे फुकट वापरतात. २०२३ च्या जानेवारीत या माणसाने सांगितलं, की निर्बंधांमुळे त्याच्या आफ्टरबर्नरच्या कामाचे पैसे जवळजवळ वर्षभर आलेले नाहीत. तरी पुढे नव्या आवृत्त्या आल्या. आपण मात्र एक फ्रेम अडखळली की शिव्या घालतो.

हे सगळं चालू असताना मामा दारात उभे होते. रेल्वेत डिझेल इंजिन चालवून रिटायर झालेत. दौंडात असे मामा घरोघरी सापडतील. म्हणाले, "म्हणजे तुमच्या मशीनला गव्हर्नर नव्हता, असं सांग की." मी म्हटलं, "ब्रेक म्हणा हवं तर." "ब्रेक नाही रे," मामा म्हणाले, "ब्रेक गाडीला. गव्हर्नर इंजिनाला. डब्ल्यूडीएम-२ ला आठ नॉच. ज्या नॉचवर ठेवशील तेवढेच फेरे इंजिन घेणार. चढ आला तर गव्हर्नर डिझेल वाढवणार, उतार आला तर कमी करणार. गव्हर्नर गेला तर रिकामं इंजिनच आधी पळत सुटतं, ओझ्याखालचं नाही."

रिकामं इंजिन आधी पळतं! मी शिरूर ते दौंड ज्याचा विचार करत आलो होतो ते मामांनी एका वाक्यात सांगितलं. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर लावला १७८८ मध्ये. आम्हाला तो थर्ड इयरला कंट्रोल सिस्टिम्समध्ये होता, परीक्षेत आकृतीसुद्धा काढली होती. मामांना विचारलं असतं तर फोनवरच निदान झालं असतं.

संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला पोराने नाही म्हणून कळवलं. फोन मात्र मला करायला लावला, "तूच सांगितलं होतंस ना विकायला!" केला. जरा ओशाळलो, पण ते बरोबरच होतं.

तूर्तास इतकंच. तुमचाही पीसी मेनूवर बंद पडत असेल तर कार्ड विकण्याआधी फ्रेमचा आकडा आणि यूपीएसचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा.