न घेतलेल्या औषधाचा परिणाम

साध्या सर्दीलाही घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी मी बिनदिक्कत घ्यायचे. शरीर माझं, गोळी माझी, असा हिशेब होता. तो चुकीचा होता, हे मला एका भाषांतराच्या इतिहासातून कळलं.

१९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या रुग्णांत असे शिगेला जिवाणू सापडू लागले, ज्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन ही चारही औषधं चालेनात. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा यांच्या गटांनी दाखवलं, की हा प्रतिरोध ई. कोलाय जिवाणूकडून शिगेलाला थेट मिळू शकतो. ई. कोलाय तर निरोगी माणसाच्या आतड्यातही निमूटपणे नांदत असतो. म्हणजे ज्याला काही झालेलं नाही, त्याच्या पोटातही हा साठा असू शकतो. पण हे संशोधन जपानीत होतं. जपानबाहेर त्याची खरी दखल घेतली गेली ती त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत आढावा लिहिल्यावर.

स्टुअर्ट लेव्ही हा तरुण अमेरिकन वातानाबेंकडे टोकियोत काम करून आला. पुढे त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावर कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन गटातलं औषध मिसळून पाहिलं. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जिवाणू त्या औषधाला प्रतिरोधक झाले. औषध माणसांच्या ताटात नव्हतं. तरीही पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्यांच्या विष्ठेच्या ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून जास्त जिवाणू प्रतिरोधक निघाले. शेजाऱ्यांत असे नमुने ६.८ टक्केच होते. शिवाय औषध एकच दिलेलं असताना या जिवाणूंमध्ये इतर औषधांचाही प्रतिरोध आढळला. हा अहवाल १९७६ साली प्रसिद्ध झाला.

प्रतिजैविक फक्त रोगाच्या जंतूवर चालत नाही. आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंतलेही दुबळे मरतात, तगणारे वाढतात, आणि तगण्याची युक्ती दुसऱ्यांना देतात. ती युक्ती माझ्या घरातल्या, औषधाला हातही न लावलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकते.

जपानीतलं हे ज्ञान इंग्रजीत रुजायला चार वर्षं लागली. मराठीत, माझ्या औषधांच्या डब्यापर्यंत यायला त्याहून कितीतरी जास्त. आता सर्दी झाली की मी डबा उघडत नाही.