ऐकण्यासाठी निघालेले

झाशीच्या प्रेमनगरात मराठी बिऱ्हाडे मोजकीच. वस्ती रेल्वेला लागून असल्यामुळे रात्रभर गाड्यांच्या शिट्या कानांवर येतात आणि चारसहा महिन्यांत त्यांची सवय होऊन जाते. बदली होऊन येथे आलो तेव्हा मनाला एकच दिलासा होता, तो म्हणजे ग्वाल्हेर येथून अवघ्या शंभर किलोमीटरांवर आहे. तेव्हापासून दर डिसेंबरात तानसेन समारोह भरला की मी दोन दिवसांची नैमित्तिक रजा टाकतो आणि घोंगडी, थर्मास व डब्यात दशम्या घेऊन गाडीत बसतो. गतवर्षी आमच्या कचेरीतील एका वरिष्ठांनी रजेच्या अर्जावर सही करता करता विचारले, "बाबूजी, हे सगळे गाणे आता खिशातल्या फोनवर फुकट मिळते. मग एवढ्या थंडीत रात्र जागवायला कशाला जाता?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून मात्र तो प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

खरे पाहता गाण्याच्या नादासाठी झाशीकराला गाव सोडण्याचे कारण एके काळी नव्हते. गंगाधरराव नेवाळकर हे नाटकाचे मोठे षौकी. पदरी नाट्यशाळा बाळगून स्वतः भूमिका करणारा हा राजा. १८५३ च्या नोव्हेंबरात ते वारले, पुढील वर्षी डलहौसीने संस्थान खालसा केले आणि आश्रयच नाहीसा झाला. उरली ती छावणी, आणि मागाहून रेल्वे. ग्वाल्हेरची गादी मात्र टिकली आणि तिच्याबरोबर तेथले गाणेही टिकले.

त्या गाण्याच्या आरंभाची जी आख्यायिका सांगतात, ती मुळात चोरून ऐकण्याचीच आहे. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमदखाँ यांच्या तानबाजीचा दबदबा होता. नत्थन पीरबक्षांचे नातू हद्दूखाँ आणि हस्सूखाँ यांना ती गायकी शिकवण्यास ते राजी होईनात. तेव्हा महाराजांनी या दोघा मुलांना पडद्याआड बसवून खाँसाहेबांचे गाणे ऐकण्याची सोय केली. कालांतराने मुलांनी भर दरबारात तीच तान घेऊन दाखविली, असे म्हणतात. कथेतला तपशील कितपत खरा, हा वाद अभ्यासकांनी घालावा. मला तिच्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की, ज्या घराण्याला आपण सर्व ख्यालगायकीचे मूळपीठ मानतो, त्याच्या मुळाशीही कान देऊन बसलेले दोन श्रोते आहेत.

पुढे ही वाट मराठी माणसांनी मळविली. वासुदेवबुवा जोशी कोकणातले. ते ग्वाल्हेरला जाऊन हस्सूखाँकडे शिकले. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ती विद्या महाराष्ट्रात आणली. ग्वाल्हेर आणि झाशी, तसेच झाशी आणि भोपाळ यांना जोडणारा लोहमार्ग १८८९ साली झाला. म्हणजे ही मंडळी उत्तरेत गेली तेव्हा येथून एकही गाडी जात नव्हती. विंध्य ओलांडायचा तो पायांनी, फार तर एखाद्या गाडीवाल्याच्या उपकाराने. माझ्या पावणेदोन तासांच्या प्रवासाची लाज वाटावी, असेच हे आहे.

बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ही बाब उलटी फिरविली. श्रोत्याने गाण्याकडे जावे, त्याऐवजी त्यांनी गाणेच श्रोत्यांच्या गावी नेले. मिरज सोडल्यानंतरच्या भ्रमंतीत काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली, तेव्हा दरबाराचे आमंत्रण नसलेल्या माणसालाही गवय्यासमोर बसता आले. ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडले तेही संस्थानिकाच्या खजिन्यावर विसंबून नव्हे. आमच्यासारख्या कारकून मंडळींवर विष्णु दिगंबरांचे हे ऋण आहे आणि आपण ते फारसे आठवत नाही.

भातखंड्यांचा मार्ग निराळा. व्यवसायाने वकील, पण मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत १८८४ साली शिरले ते ऐकण्यासाठी. तेथे येणाऱ्या गवयांना ऐकता ऐकता हा श्रोता प्रश्न विचारू लागला, मग हिंदुस्थानभर हिंडू लागला आणि शेवटी चिजांची पुस्तके छापून मोकळा झाला. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही त्यांच्याच खटपटीने. ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय १९१८ साली निघाले तेव्हा त्याचे शिक्षक भातखंड्यांच्या पद्धतीने तयार झालेले होते.

याच विद्यालयात १९३३ च्या सुमारास घरातून पळालेला एक अकरा वर्षांचा गदगचा मुलगा येऊन दाखल झाला. अब्दुल करीमखाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका दुकानात वाजताना ऐकली आणि भीमसेन जोशींना घरी राहवेना. (तबकडीने भूक भागली नाही, वाढली, आमच्या वरिष्ठांना हे सांगायला हवे होते.) खिशात पैसे नव्हते, डब्यात गाणी म्हणून त्यांनी तिकीट तपासनिसांना व उतारूंना राजी केले. दक्षिणेतून ग्वाल्हेरला जायचे तर झाशी लागतेच, तेव्हा बहुधा याच फलाटावरून तो मुलगा गेला असावा. ग्वाल्हेरात हाफिज अलीखाँ यांनी त्याला हात दिला. पुढे कलकत्ता, रामपूर असे हिंडत तो जालंधरला पोहोचला. तेथे विनायकराव पटवर्धनांनी त्याला सांगितले की, तुला हवा तो गुरू, सवाई गंधर्व, तुझ्याच मुलखात, कुंदगोळास आहे. उभा देश पालथा घातला तेव्हा घराजवळचा पत्ता मिळाला! पण तो पत्ता घरी बसून मिळाला नसता, हेही तितकेच खरे.

तानसेनाच्या समाधीपाशी माधवराव शिंद्यांच्या काळी, १९२४ साली, हा उत्सव सुरू झाला. २०२४ च्या डिसेंबरात त्याची शंभरावी आवृत्ती झाली. महंमद घौसांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाची साधी कबर आणि तिच्याजवळ ते चिंचेचे झाड, ज्याचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. मी खाल्ला आहे, आंबट लागतो. पहिल्या दिवशी सकाळी तेथे सनईनंतर हरिकथा होते आणि मीलादही होतो. हरिकथेला ढोलीबुवांच्या मठाचे महाराज उभे राहिले की मागे बसलेल्या एखाद्या वृद्ध ग्वाल्हेरकराचा हात आपसूक जोडला जातो.

गतवर्षी दुपारच्या सभेला मंडपात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पत्रिकेत ज्याचे नाव मी कधी वाचले नव्हते असा एक तरुण मुलतानी गायला बसला. पहिली दहा मिनिटे तो घाबरलेला होता. मग तबलजीने मान हलविली, पुढच्या रांगेतून कोणीतरी 'वाहवा' म्हटले आणि त्याचा आवाज मोकळा सुटला. आम्ही चाळीसपन्नास माणसे होतो. त्या 'वाहवा'नंतर त्याने जो निषाद लावला तो आधीच्या निषादाहून वेगळा होता आणि त्यात आमचाही थोडा वाटा होता. फोनवर तो निषाद नंतर मी शोधून पाहिला. सभेचे मुद्रण मिळाले, स्वरही होता, पण आमची रांग त्यात कोठेच नव्हती.

बदल्यांची यादी एप्रिलात लागते आणि झाशीतली माझी मुदत आता भरत आली आहे. पुढचे ठाणे ग्वाल्हेरपासून किती दूर असेल, कोण जाणे. यंदाचा रजेचा अर्ज मात्र लिहून ठेवला आहे. कारणाच्या रकान्यात नेहमीप्रमाणे 'घरगुती काम' असेच घातले आहे.