बॅटरी कोण खातं?

लॅपटॉपची बॅटरी प्रोसेसरच खातो, हा समज इतका पक्का होता की एका अख्ख्या कंपनीने त्यावर डाव लावला. १९ जानेवारी २००० रोजी ट्रान्समेटाने ‘क्रूसो’ जाहीर केला. एरवी चिपमधले ट्रान्झिस्टर जे करत, त्यातले बरेचसे काम इथे सॉफ्टवेअरवर सोपवलेले होते. त्यामुळे हलकी कामे तो एखाद-दोन वॅटमध्ये उरकत असे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स तिथेच नोकरीला, म्हणून गाजावाजाही भरपूर झाला. पण सोनी आणि फुजित्सूच्या नोटबुकमध्ये क्रूसो बसला, तरी बॅटरी काही दुप्पट-तिप्पट चालली नाही. हिशोबच तसा होता. समजा, यंत्र सरासरी १५ वॅट ओढते आणि त्यात प्रोसेसरचा वाटा ३ वॅटचा आहे. तो निम्म्यावर आणला तरी एकूण खर्चाचा दहावा भागच वाचतो. बाकीचे वाटेकरी म्हणजे हार्ड डिस्क, मेमरी, चिपसेट आणि मुख्य म्हणजे पडदा. त्या काळी पडद्यामागे पेन्सिलीहून बारीक फ्लुओरेसंट नळी असे आणि तिला शेकडो व्होल्ट पुरवायला इन्व्हर्टरची वेगळी पट्टी लागे. एवढे करून तिचा उजेड पोलरायझर आणि रंगांचे फिल्टर ओलांडताना दहा टक्केसुद्धा धड बाहेर येत नसे. ही उधळपट्टी कोणत्याही चिपने थांबणारी नव्हती. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाने ती मुळातूनच हाताळली. मेरी लू जेप्सेन यांनी त्यासाठी घडवलेला पडदा मागचा दिवा बंद ठेवूनही उन्हात कृष्णधवल वाचता येई. रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीच्या शाळेत ही यंत्रे २००७ मध्ये आली.

मग प्रोसेसर निर्दोष म्हणायचा का? तसे मुळीच नाही. चिपचा खर्च वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. इंटेलने जानेवारी २००० मध्येच आणलेल्या स्पीडस्टेपमध्ये ६५० मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बॅटरीवर ५०० वर उतरे आणि व्होल्टेज १.६ वरून १.३५ वर येई. वेग पाऊण, खर्च मात्र जवळपास निम्मा. २००३ मध्ये हैफाच्या अभियंत्यांचा पेंटियम एम आला, त्याने पेंटियम फोरची वेगाची हाव सोडून दिली आणि फरक लगेच जाणवला. पण तोही ‘सेंट्रिनो’ या नावाखाली चिपसेट आणि वायफायसकट विकला गेला, म्हणजे हिशोब अख्ख्या यंत्राचा धरावा लागतो हे इंटेलनेही ओळखले होते.

याहून अवघड आक्षेप ॲपलच्या एम१चा. २०२० मध्ये मॅकबुक एअरचा सांगाडा जवळपास जुनाच राहिला, चिप बदलली आणि बॅटरी कितीतरी जास्त चालू लागली. आक्षेप खरा आहे, फक्त तो क्रूसोला वीस वर्षे उशिरा लागू पडतो. तोवर नळीच्या जागी एलईडी आली होती, फिरती डिस्क गेली होती, म्हणून चिपचा वाटा मोठा दिसू लागला होता. शिवाय एम१ने ग्राफिक्स, व्हिडिओ उलगडणारे सर्किट आणि मेमरीसुद्धा एकाच पॅकेजमध्ये आणली होती. त्याला नुसता प्रोसेसर म्हणणे जरा कोतेपणाचेच.