खेळाचे घड्याळ आणि पडद्याचे घड्याळ

१९९१ साली सेगा या जपानी कंपनीने 'सॉनिक द हेजहॉग' हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्यातला निळा काटेरी प्राणी सुसाट धावतो, हेच त्या खेळाचे मुख्य आकर्षण होते. परंतु अमेरिकेतल्या मुलाच्या टीव्हीवर तो ज्या वेगाने धावत असे, त्यापेक्षा इंग्लंडमधल्या मुलाच्या टीव्हीवर तो सुमारे एक षष्ठांशाने हळू धावे. पार्श्वसंगीतसुद्धा त्याच प्रमाणात रेंगाळत असे. यंत्र त्याच कंपनीचे, खेळही तोच. मग हा फरक कशामुळे पडला?

याचे उत्तर खेळात नाही, ते वीजघरात आहे. ते शोधताना गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, आणि टीव्हीचा पडदा यांच्या पन्नास वर्षांच्या संसाराचा इतिहास उलगडतो. या जोडीत दोन घड्याळे असतात. एक खेळाचे, दुसरे पडद्याचे. कोणी कोणासाठी थांबायचे, हा या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे.

विजेच्या तालावर टीव्ही

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्यावर्ती विजेचा प्रसार झाला, तेव्हा अमेरिकेत सेकंदाला ६० आवर्तने आणि युरोपात ५० आवर्तने रूढ झाली. पुढे टीव्ही आला. जुन्या टीव्ही संचात विजेच्या आवर्तनांचा थोडासा अंश चित्रात उतरत असे व पडद्यावर आडवा, फिकट पट्टा दिसे. चित्र विजेच्याच तालावर उमटवले, तर हा पट्टा एका जागी स्थिर राहतो आणि डोळ्याला फारसा खुपत नाही. ताल वेगळा असेल तर तो वरखाली सरकत राहतो. म्हणून अमेरिकेने १९४१ च्या मानकात सेकंदाला ६० वेळा पडदा रेखाटण्याचे ठरवले. युरोपने ५० वेळा. प्रत्येक वेळी एकाआड एक ओळी काढायच्या, म्हणजे दोन अर्धचित्रे मिळून एक पूर्ण चित्र होते. अमेरिकेत अशा ओळी ५२५ होत्या. युरोपात पुढे ६२५ ओळींची पद्धत रूढ झाली. जपानने अमेरिकेची पद्धत घेतली. भारतात १९५९ साली दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि १९८२ साली रंगीत झाली, ती ६२५ ओळी व ५० अर्धचित्रांच्या पद्धतीची. त्यामुळे अमेरिकेहून कोणी नातेवाइकाने कन्सोल आणला, तर आपल्याकडच्या जुन्या संचावर त्याचे चित्र धड दिसत नसे. कधी रंग गायब, तर कधी चित्रच गरगरत राही.

आता सॉनिकचे कोडे सुटते. त्या काळातले बहुतेक खेळ पडद्याचाच ताल मोजत. 'पडदा एकदा रेखाटून झाला की प्राण्याला इतके बिंदू पुढे सरकव' अशा सूचना प्रोग्रॅममध्ये असत. पडदा सेकंदाला ६० वेळा रेखाटला गेला तर ६० पावले पडणार, ५० वेळा रेखाटला गेला तर ५० पावले. ६० च्या जागी ५० म्हणजे नेमकी एक षष्ठांशाने घट. युरोपातल्या मुलांनी वर्षानुवर्षे असे मंदावलेले खेळ खेळले. तुलनेला दुसरा टीव्ही शेजारी नसल्यामुळे अनेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

शलाकेशी शर्यत

घरच्या टीव्हीवर खेळ खेळण्याची कल्पना प्रत्यक्षात आणणारे अभियंते म्हणजे राल्फ बेअर. १९६६ साली त्यांनी ती कागदावर मांडली आणि १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीने तिच्या आधारे 'ओडिसी' हे यंत्र विकायला काढले. ते अँटेनाच्या जागी जोडायचे. म्हणजे कन्सोल स्वतःला एक छोटे प्रक्षेपण केंद्र असल्याचे भासवत असे! ओडिसी पडद्यावर काही पांढरे ठिपके आणि एक रेघ एवढेच काढू शके. मैदान, जाळे वगैरे चित्रे छापलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद पडद्यावर चिकटवावा लागे. टीव्हीचे आकार निरनिराळे, म्हणून हे कागद दोन मापांत दिलेले असत. कन्सोल आणि पडदा जुळवण्याचा हा पहिला प्रयत्न म्हणता येईल.

१९७७ साली अमेरिकेत आलेल्या, पुढे 'अटारी २६००' म्हणून ओळखल्या गेलेल्या यंत्रात तर पडद्याची सत्ता पूर्ण दिसते. या यंत्रात १६० बिंदू रुंद आणि साधारण १९२ ओळी उंच असे चित्र तयार होई. म्हणजे ३०,७२० बिंदू. प्रत्येक बिंदूसाठी फक्त एक बिट ठेवायचा म्हटले तरी ३,८४० बाइट स्मृती लागते. या यंत्राची कामकाजाची स्मृती होती अवघी १२८ बाइट. मग चित्र साठवायचे कुठे? उत्तर असे, की साठवायचेच नाही. टीव्हीच्या नळीतली इलेक्ट्रॉन शलाका एक ओळ डावीकडून उजवीकडे रेखाटत असतानाच त्या ओळीत काय दिसायचे ते प्रोसेसरने सांगायचे. एका ओळीला प्रोसेसरचे फक्त ७६ ठोके मिळत. उशीर झाला की शलाका पुढे निघून गेलेली असे. ओळीचे काम लवकर संपले, तर पुढची ओळ सुरू होईपर्यंत प्रोसेसरला थांबवून ठेवण्याची खास सोय केलेली होती. प्रोसेसरचे घड्याळसुद्धा टीव्हीच्या रंगसंकेताच्या वारंवारितेला तीनने भागून घेतलेले होते. थोडक्यात, घड्याळ एकच होते आणि ते पडद्याचे होते.

या सक्तीचा काहींनी सुरेख उपयोगही करून घेतला. निन्टेन्डोच्या 'डक हंट' (१९८४) या खेळात खोट्या बंदुकीने पडद्यावरचे बदक टिपायचे असते. बंदुकीतून काही बाहेर पडत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश टिपणारा घटक असतो. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. काळ्यानंतर नेमक्या वेळी प्रकाश दिसला, तर नेम लागला. ही युक्ती शलाकेच्या अचूक वेळेवर बेतलेली होती. तीच बंदूक आज सपाट एलसीडी पडद्यासमोर धरली, तर एकही बदक पडत नाही. बंदूक बिघडलेली नसते. तिला हवा असलेला प्रकाश ठरलेल्या क्षणी येत नाही, आणि शलाकेच्या प्रकाशाची ओळखीची थरथरही त्यात नसते.

सूक्ष्म चित्रांचे दोन पंथ

जास्त ओळींच्या, अधिक रेखीव टीव्हीवर जपानच्या एनएचके या संस्थेने १९६४ पासून संशोधन सुरू केले होते. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यास डिजिटल मानक ठरले, तेव्हा त्यात दोन मुख्य पंथ झाले. एकात ७२० ओळी, पण प्रत्येक वेळी सर्व ओळी रेखाटायच्या, हा '७२०पी'. दुसऱ्यात १०८० ओळी, पण एकाआड एक, हा '१०८०आय'. धावत्या दृश्यासाठी पहिला सोयीचा, स्थिर दृश्याच्या बारकाव्यासाठी दुसरा.

बहुतेक खेळ निर्मात्यांनी पहिला पंथ पत्करला. परंतु अमेरिकेत सुरुवातीला विकल्या गेलेल्या अनेक उच्च सूक्ष्मतेच्या टीव्ही संचांना ७२०पी हा संकेत चालतच नसे. असे का, ते एका सोप्या गुणाकाराने कळते. न दिसणाऱ्या ओळी धरून १०८०आय मध्ये पूर्ण चित्राच्या ११२५ ओळी असतात आणि सेकंदाला ३० पूर्ण चित्रे होतात: शलाकेला सेकंदाला ३३,७५० ओळी काढाव्या लागतात. ४८० ओळींच्या पूर्ण चित्रासाठी ५२५ गुणिले ६०, म्हणजे ३१,५००. हे दोन आकडे जवळजवळचे आहेत; एकाच विद्युत मंडलाकडून दोन्ही कामे स्वस्तात होतात. ७२०पी साठी मात्र ७५० गुणिले ६०, म्हणजे ४५,००० ओळी लागतात. हा वेग गाठणारे मंडल महाग पडे, म्हणून कारखानदारांनी ते गाळले.

याचा फटका २००६ साली बसला. त्या वर्षी सोनीचा 'प्लेस्टेशन ३' आला. त्याचे अनेक खेळ ७२०पी मध्ये होते. ज्यांचा टीव्ही फक्त १०८०आय आणि ४८०पी स्वीकारत होता, त्यांच्याकडे हे खेळ वर चढून १०८० वर न जाता खाली उतरून ४८० वर दिसू लागले. महागडा टीव्ही आणि महागडा कन्सोल असूनही चित्र जुन्या टीव्हीच्याच तोडीचे. आदल्या वर्षी आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०' मध्ये कोणतेही चित्र टीव्हीला हव्या त्या मापात बदलून देणारा भाग होता, म्हणून तिथे ही अडचण आली नाही. पण त्याच यंत्रावर २००६ साली आलेल्या 'डेड रायझिंग' या खेळातली अक्षरे साध्या टीव्हीवर इतकी बारीक दिसत, की सूचना वाचताच येत नसत. खेळ तयार करणाऱ्यांनी नवा टीव्ही गृहीत धरला होता. विकत घेणाऱ्या अनेकांच्या घरी जुनाच होता. मानके बदलतात तेव्हा संक्रमणाची किंमत अशी ग्राहकाच्या पदरात पडते.

पडदा 'विचार' करू लागला

एचडीएमआय हे जोडणीचे मानक २००२ च्या अखेरीस आले. त्यात टीव्ही कन्सोलला आपली ओळख करून देतो: माझ्यावर किती बिंदू मावतात, मी कोणते वेग स्वीकारतो वगैरे. संगणकाच्या पडद्यांसाठी १९९४ साली ठरलेल्या या ओळखपत्राचा मूळ भाग १२८ बाइटचा असतो. अटारीची सारी कामकाजाची स्मृती एवढीच होती!

पण नवीन अडचण निर्माण झाली. नळीच्या टीव्हीत संकेत आला की लगेच प्रकाश उमटे. सपाट टीव्ही मात्र आलेले चित्र साठवतो, मोठे करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. सिनेमा पाहताना या विलंबाने बिघडत नाही. खेळात मात्र बटण दाबणे आणि परिणाम दिसणे यांत अंतर पडते. सेकंदाचा दहावा भाग उशीर म्हणजे ६० च्या तालातली सहा चित्रे! तालावर वाद्य वाजवण्याच्या खेळांत तर हे असह्य होते. म्हणून २००८ च्या 'रॉक बँड २' या खेळाच्या गिटारमध्ये प्रकाश व ध्वनी टिपणारे घटक बसवले होते. ते टीव्हीचा विलंब मोजून खेळाला कळवत. टीव्हीच्या यादीत 'गेम मोड' दिसतो तो याचसाठी. ही सारी सजावट बाजूला ठेव आणि चित्र ताबडतोब दाखव, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पडदा थांबायला शिकला

खेळाची दृश्ये आता इतकी गुंतागुंतीची आहेत, की प्रत्येक चित्र तयार व्हायला सारखा वेळ लागत नाही. ६० च्या तालात एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. चित्र १८ मिलिसेकंदांत तयार झाले, तर पडदा जुनेच चित्र पुन्हा दाखवतो आणि खेळ अडखळतो. किंवा अर्ध्यातच नवे चित्र घेतो आणि दृश्य मध्येच फाटल्यासारखे दिसते. नळीच्या टीव्हीला थांबणे शक्य नव्हते, कारण शलाका पुढे गेली की मागचा प्रकाश विझू लागे. एलसीडीचा बिंदू मात्र दुसरा हुकूम येईपर्यंत आपली स्थिती धरून ठेवतो. म्हणजे ठरावीक तालाचे मूळ कारण केव्हाच संपले होते. सवय तेवढी उरली होती. २०१३ साली एनव्हिडिया कंपनीने संगणकाच्या पडद्यांसाठी हा ताल सैल केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ या मानकात ही सोय टीव्हीसाठीही आली. २०१८ साली ती एक्सबॉक्सवर आणि २०२२ साली प्लेस्टेशन ५ वर मिळाली. चित्र तयार होईपर्यंत पडदा वाट पाहतो. अर्थात अमर्याद नाही. प्लेस्टेशन ५ वर ही सवलत सेकंदाला ४८ ते १२० चित्रे या मर्यादेतच चालते.

म्हणूनच नवा कन्सोल आणि नवा टीव्ही जुळवताना 'फोर-के' एवढा एकच शब्द वाचून भागत नाही. टीव्हीचे कोणते छिद्र २.१ चे आहे, तो सेकंदाला १२० चित्रे घेतो का, ताल सैल करतो का, हेही पाहावे लागते.

वर्गात करून पाहण्याजोगे

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना पुढील हिशेब जरूर द्यावा. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला ३० बिट आणि सेकंदाला १२० चित्रे धरली, तर सेकंदाला किती बिट पाठवावे लागतील? उत्तर सुमारे ३० अब्ज येते. २०१३ च्या एचडीएमआय २.० ची क्षमता १८ अब्ज, तर २.१ ची ४८ अब्ज. नवी केबल का लागते, हे जाहिरातीपेक्षा या गुणाकारातून अधिक स्पष्ट होईल.

दुसरा हिशेब अटारीचा. एका चित्रात २६२ ओळी, प्रत्येक ओळीला ७६ ठोके आणि सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार सुमारे १२ लाख येतो, आणि तेवढाच त्या प्रोसेसरचा वेग होता. हा योगायोग का नव्हे, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे. त्यानंतर विचारावे: आपण रोज वापरतो त्या वस्तूंमध्ये असे आणखी कोणते आकडे आहेत, ज्यांचे मूळ कारण नाहीसे झाले, पण आकडा मात्र राहिला?