अमेरिकन मराठी मिशनची 'मंडळी' आणि तिच्या उपासनावास्तू : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा अभ्यास करताना ख्रिस्ती मिशनांच्या शाळा, छापखाने व नियतकालिके यांची नोंद इतिहासकारांनी आवर्जून घेतली आहे. त्या मानाने मिशनच्या कार्यातून निर्माण झालेल्या उपासक समुदायांच्या अंतर्गत रचनेकडे कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात अमेरिकन मराठी मिशनच्या मुंबई व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील मंडळ्यांच्या आधारे समुदाय आणि वास्तू यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

काँग्रिगेशनल परंपरा

या मिशनची पाळेमुळे अमेरिकेतील न्यू इंग्लंड प्रांतातील काँग्रिगेशनल परंपरेत आहेत. या परंपरेत प्रत्येक स्थानिक समुदाय स्वयंशासित असतो. त्यावर बिशपची सत्ता नसते. पाळकाची निवड, नव्या सभासदांचा स्वीकार व शिस्तीचे प्रश्न सभासदच एकत्र बसून सोडवितात. त्यामुळे वास्तूपेक्षा समुदायाला प्राधान्य मिळाले. बोस्टन येथील ओल्ड साऊथ चर्च हे याचे बोलके उदाहरण होय. 1669 मध्ये स्थापन झालेला हा समुदाय प्रथम लाकडी सभागृहात, 1729 पासून विटांच्या वास्तूत व 1875 पासून तिसऱ्या वास्तूत उपासना करीत आला. वास्तू बदलल्या, समुदाय तोच राहिला. मराठीत या अर्थासाठी रूढ झालेला 'मंडळी' हा शब्दही मुळात माणसांचा वाचक आहे, इमारतीचा नाही.

मुंबई : पहिले उपासनागृह

गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईस पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीचा त्यांच्या वास्तव्यास विरोध होता. तथापि गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सहानुभूतीमुळे त्यांना येथे राहता आले. सुरुवातीची वर्षे भाषाभ्यास, शाळा व भाषांतर यांत गेली. 1823 मध्ये मिशनचे उपासनागृह मुंबईत खुले झाले. म्हणजेच आगमनापासून उपासनागृहापर्यंत दहा वर्षांचा काळ लोटला. पुढे मिशनच्या कार्याचे केंद्र भायखळ्याकडे सरकले. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईतच झाला.

अहमदनगर : अनाथगृहातून मंडळीकडे

डिसेंबर 1831 मध्ये ॲलन ग्रेव्ह्ज, विल्यम हार्वी व हॉलिस रीड हे तिघे बाबाजी या धर्मांतरित ब्राह्मण सहकाऱ्यासह अहमदनगरला आले. हार्वी 1832 मध्ये व बाबाजी 1833 मध्ये पटकीने निवर्तले. अशा बिकट परिस्थितीत 1833 मध्ये तेथे मंडळी स्थापन झाली. बाबाजींचे कार्य प्रामुख्याने निराधार, अंध व अपंग लोकांच्या आश्रयस्थानात चालत असे आणि आरंभीच्या श्रोत्यांत त्यांचाच भरणा होता. समाजाने ज्यांना बाजूस सारले होते, त्यांना येथे सभासद म्हणून मताचा अधिकार मिळाला, ही बाब लक्षणीय आहे.

1854 मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोन ब्राह्मण ख्रिस्ती व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. देशी मंडळ्यांनी आपला कारभार व खर्च स्वतः सांभाळावा, असा आग्रह धरणारे अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन त्याच सुमारास भारतभेटीवर होते. पुढील काळात सभासदांत महार समाजातून आलेल्यांची संख्या वाढत गेली. प्रभुभोजनाची भाकर व पेला सर्वांनी वाटून घ्यावयाचा असल्याने ब्राह्मण पाळक व अस्पृश्य मानले गेलेले सभासद एका पंक्तीत आले. त्या काळी जातिव्यवस्थेला याहून उघड आव्हान क्वचितच असेल. खेड्यांतून बहुधा शाळेची खोली हेच रविवारचे उपासनास्थळ असे. त्यामुळे स्वतंत्र वास्तूवाचूनही मंडळी उभी राहू शकली.

भिंतींपलीकडे

टिळकांनी हा विचार आणखी पुढे नेला. 1917 मध्ये मिशनच्या नोकरीचा त्याग करून त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी त्यात सामावून घेण्याचा त्यांचा मानस होता. 1919 मध्ये त्यांच्या निधनामुळे हा प्रयोग बहरू शकला नाही. 1924 मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात काँग्रिगेशनल मंडळ्या सामील झाल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. या ऐक्यामुळे मूळच्या स्वयंशासित मंडळ्या बिशपांच्या व्यवस्थेत आल्या. ऐक्याचा लाभ झाला, परंतु स्वायत्ततेचा काही अंश त्यासाठी सोडावा लागला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, या मंडळ्यांचा इतिहास केवळ कोनशिला व बांधकामाची वर्षे यांवरून लिहिता येणार नाही. कोणाला सभासद म्हणून स्वीकारले, पाळक कोणी निवडला, पंक्तीत कोण कोणाशेजारी बसले, या प्रश्नांची उत्तरे मंडळ्यांच्या सभासद-नोंदी व सभावृत्तांत यांतून मिळतात. जुन्या वास्तूंच्या जतनाबरोबरच या दप्तरांचे जतन होणे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासलेखनाच्या दृष्टीने तितकेच निकडीचे आहे. वास्तू पुन्हा बांधता येते. हरवलेले दप्तर पुन्हा लिहिता येत नाही.