राजाश्रय आणि नेमबाजी संस्थेचे अर्थकारण : अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशन

ना-नफा तत्त्वावरील संस्थेचे खरे चरित्र तिच्या घटनेपेक्षा जमाखर्चात अधिक वाचावयास मिळते. विल्यम चर्च व जॉर्ज विंगेट यांनी १८७१ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापिलेली नॅशनल रायफल असोसिएशन हे याचे बोलके उदाहरण होय. सदस्यांच्या वर्गणीतून मैदान उभे राहणे शक्य नव्हते. राज्य विधिमंडळाने १८७२ मध्ये मंजूर केलेल्या २५,००० डॉलरमुळेच क्रीडमूर येथील जमीन मिळाली. पुढे गव्हर्नर कॉर्नेल यांच्या कारकिर्दीत हा आश्रय आटला आणि १८९० मध्ये ते मैदान राज्याकडे परत गेले.

दुसरा आधार संघराज्याचा. १९०५ च्या कायद्यान्वये लष्कराच्या जादा रायफली नेमबाजी मंडळांना विकण्याची मुभा मिळाली. कालांतराने अशी सवलतीची रायफल घेणाऱ्यास असोसिएशनचे सदस्यत्व अनिवार्य ठरले. प्रस्तुत लेखकाच्या मते हे अप्रत्यक्ष अनुदानच होते; ताळेबंदात मात्र ते ‘वर्गणी’ म्हणूनच दिसणार! १९७९ मध्ये ‘गॅव्हेट विरुद्ध अलेक्झांडर’ खटल्यात ही अट घटनाबाह्य ठरली. तत्पूर्वीच, १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात, संस्थेची सूत्रे राजकीय लढ्याचा आग्रह धरणाऱ्या गटाकडे गेली होती.

संस्थेची नोंदणी न्यूयॉर्कमध्येच असल्याने २०२० मध्ये त्याच राज्याच्या महाधिवक्त्यांनी निधीच्या गैरवापराबद्दल दावा दाखल केला. जानेवारी २०२१ मधील दिवाळखोरीचा अर्ज मे महिन्यात फेटाळला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यूरीने माजी प्रमुख वेन लापिएर यांना सुमारे ४३ लाख डॉलर संस्थेस परत करण्यास जबाबदार धरले.